पोटॅशच्या गावात

‘ताई, मान उचलत नाही व.’

वैजू हे इतक्या साध्या आवाजात बोलली की मला वाटलं, माहेरी येऊन पोरगी लाडावली. दुधाचं भांडं ओट्यावर ठेवत मी म्हटलं, ‘नाही उचलत तर राहू दे. उचलून कोणता झेंडा लावायचा आहे तुला?’

माझं बोलणं हे असं. तिखट जिभेची म्हणून मी लहानपणापासून गावात प्रसिद्ध. पण तिनं उलट उत्तर दिलं नाही, हसलीसुद्धा नाही, नुसती छताकडे बघत राहिली. तिची रांगती पोर शेजारी बसून तिच्या बांगड्या ओढत होती आणि वैजूला तो हात सोडवून घेता येत नव्हता. मी जवळ गेले. मानेखाली हात घातला, तर डोकं तान्ह्या लेकराचं पडतं तसं माझ्या तळहातात पडलं. तिचा हात उचलून सोडला, तो धप्पकन गादीवर आदळला. पायाची तीच गत. 

‘जिजी! अवं जिजी, इकडे ये लवकर!’

जिजी म्हणजे आमची आई. मागच्या अंगणातून ओल्या हातांनीच धावत आली. वैजूकडे एकदा बघितलं आणि उंबऱ्यातच मटकन खाली बसली. ओठ हलत होते. मी तिला दंडाला धरून उठवलं आणि म्हटलं, ‘बसू नको. पोरीला शेजारी दे आणि कपडे भर. जळगावला न्यायचं.’

आमचं गाव सावद्याकडचं, सगळं केळीचं रान. माझं सासर त्याच गावात, हाकेच्या अंतरावर. आमचे हे तेव्हा गाडीत केळीचे घड भरून निघण्याच्या बेतात होते. त्यांनी पिकअप गाडीतले घड रस्त्याच्या कडेला उतरवले आणि खाली अंथरलेल्या केळीच्या पानांवर गादी टाकून आम्ही वैजूला झोपवलं. तिचा नवरा मिलिंद सुरतेला नोकरीला, त्याला शेजारच्यांकडून फोन करायला सांगितलं. जिजी वैजूचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मी तिचे पाय धरून. गाडी तापीच्या पुलावर आली तेव्हा वैजू म्हणाली, ‘ताई, दम लागतो.’ निजलेल्या माणसाला दम लागतो म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट कळलं नाही. जिजीला काय वाटलं देव जाणे. तिनं पदर तोंडात कोंबला.

जिजीच्या भीतीला कारण होतं, ते आधी सांगायला हवं. आमचे वडील, आबा, किडनीच्या आजारानं गेले. त्यांच्या किडन्या पार बंद झाल्या होत्या, आठवड्यातून दोनदा जळगावला डायलिसिस. तिथल्या बायकांकडून जिजी सगळं शिकली. भाजी बारीक चिरून पाण्यात ठेवायची, मग उकळायची आणि पाणी ओतून द्यायचं. केळं नाही, नारळपाणी नाही, डाळ पातळ. केळीच्या बागायतदाराच्या घरात केळं बंद! आबा चिडायचे, ती ऐकायची नाही. मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. सणाच्या दिवशी आबा लहान पोरासारखे ताटावर अडून बसले. ‘रसाची एक वाटी दे. एक. मी काय कायमचा राहणार आहे का?’ जिजीला दया आली. तिनं वाटीभर आमरस वाढला, मग अजून एक. दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या आत, आबांचं हृदय थांबलं.

दवाखान्यातल्या माणसानं सांगितलं, ‘पोटॅशियम वाढलं.’ जिजीनं विचारलं, ‘पोटॅशियम म्हंजे आपलं पोटॅश? केळीले टाकतो ते?’ तो घाईत होता. म्हणाला, ‘हो, तेच समजा.’

आमच्याकडे लाल पोटॅश कोणाला माहीत नाही? केळीचा घड भरायचा तर ते मुळाशी टाकावंच लागतं. त्या दिवसापासून जिजीनं पोटॅशची गोणी अंगणात येऊ दिली नाही. मला भाऊ नाही, शेती आमच्या ह्यांनीच बघायची, तर गोण्या ते परस्पर मळ्यात नेऊन टाकायचे. 

आणि आता वैजू. बाळंतपणानंतर ती सारखी थकायची, हातापायात गोळे यायचे. दीड महिन्यापूर्वी तिला जळगावला डॉक्टर तडवींना दाखवलं. तडवी आमच्याच यावल तालुक्यातला मुलगा, किडनीचं शिकून आलेला, आमच्या बोलीत बोलणारा. त्यानं पंधरवडाभर ठेवून घेतलं, पायावर उभं केलं आणि घरी जाताना आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, ‘हिच्या किडन्या निम्म्या खराब आहेत. त्यांच्यातल्या बारीक नळ्या बिघडल्यात. बाहेर टाकायचं आम्ल त्या आत ठेवतात आणि आत ठेवायचं पोटॅशियम बाहेर घालवतात. आम्लासाठी ह्या सोड्याच्या गोळ्या आणि पोटॅशियमसाठी हे पातळ औषध. दोन्ही बरोबर द्यायची. एक सोडून दुसरं देऊ नका. आणि केळी खाऊ घाला, नारळपाणी पाजा.’

जिजीनं मान डोलावली. घरी आल्यावर औषधाचं सगळं तिनं आपल्या हातात घेतलं. मी सकाळी दूध घेऊन जायची तेव्हा बघायची, जिजी बाटलीच्या झाकणात औषध ओतायची आणि वैजूच्या ओठाला लावायची. मला बरं वाटायचं. म्हटलं, चला, म्हातारीनं मनावर घेतलं.

तर दवाखाना. अतिदक्षता विभाग म्हणजे चार खाटांची खोली, प्रत्येक रोग्यापाशी एका बाईमाणसाला बसू देत. तडवी डॉक्टर धावतच आले. वैजूच्या छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी निघाली, ती बघून त्यांचा चेहरा उतरला. रक्ताचा अहवाल आला तेव्हा तर ते पुन्हा पुन्हा त्याच आकड्याकडे बघत राहिले.

‘काकू,’ ते जिजीला म्हणाले, ‘औषध देत होता ना?’

‘देत होती.’

‘दोन्ही?’

‘माह्या हातानं देत होती. दिवसातून तीनदा.’

‘एकदाही चुकलं नाही?’

‘इचारा हिले,’ जिजी माझ्याकडे बोट करत म्हणाली.

‘हो डॉक्टर,’ मी म्हटलं. ‘मी डोळ्यांनी बघायची.’

ते खुर्चीत बसले, पुन्हा उठले. ‘मग हे कसं होतंय? आधी आली तेव्हापेक्षा पोटॅशियम खाली गेलंय. निम्म्याच्या खाली. स्नायूंना ताकदच नाही. हातपाय गेले, मान गेली, आता श्वासाचे स्नायू जातील.’

‘मग द्या की पोटॅशियम!’ मी म्हटलं.

‘देतोच आहे. पण किडनी खराब असलेल्या माणसाला ते धो धो ओतता येत नाही, ताई. थेंबाथेंबानं जायला पाहिजे.’

सिस्टरनं सलाईनच्या बाटलीत औषध टोचलं, बाटली टांगली, नळीवरचं चाक फिरवत थेंब मोजले. तेव्हा तिथे थेंब मोजणारं यंत्र नव्हतं, सगळं त्या चाकावर. थोड्या वेळानं वैजू कुजबुजली, ‘हात जळतो व जिजी. आग होते.’

‘होते तशी,’ सिस्टर म्हणाली. ‘हे औषधच जळजळीत असतं. सहन कर बाई.’

जिजी खाटेच्या त्या अंगाला गेली आणि सलाईनच्या हातापाशी स्टूल ओढून बसली. वैजूचा तळवा आपल्या हातात घेऊन त्यावर पदर टाकला.

मी बाहेर व्हरांड्यात. आत डोकवावं, तर सिस्टर म्हणायची, ‘चालू आहे, चालू आहे.’ ऊन वर चढलं. मिलिंदचा फोन आला, सुरतेहून निघालोय म्हणाला, आणि मग फोनवर नुसता रडायला लागला. मी म्हटलं, ‘रडत बसू नका, गाडी पकडा.’ फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून मीच रडले. सगळ्या देवांना नवस बोलून झाले. मनुदेवीला साडी बोलले, खंडोबाला बोलले, आबांनासुद्धा बोलले. म्हटलं, आबा, तुम्ही गेलात ते गेलात, हिला तरी बोलवू नका.

तडवी डॉक्टर आतून बाहेर आले आणि माझ्याशी उभ्या उभ्या बोलले. त्यांचा आवाज खाली आला होता.

‘ताई, खरं सांगू का? मला काही समजेना. पोटॅशियम चालू करून इतका वेळ झाला, तरी पोरगी सुधारायच्या ऐवजी खाली चाललीय. श्वास उथळ झाला की रक्तातलं आम्ल आणखी चढतं. आता ते इतकं चढलंय की हृदयाचं काही सांगता येत नाही. सोड्याचं इंजेक्शन द्यावंच लागेल.’

‘मग द्या ना.’

‘तसं सोपं नाही ते. सोडा शिरेतून गेला की आम्ल उतरतं, पण त्याबरोबर रक्तातलं उरलंसुरलं पोटॅशियम पेशींमध्ये घुसतं. म्हणजे रक्तात आणखी कमी. आधी पोटॅशियम आणि मग सोडा, असा क्रम असतो. उलटं झालं तर सोडाच माणसाला मारतो.’ ते जरा थांबले. ‘पण पोटॅशियमची बाटली बरीचशी गेलेली आहे असं धरतो, दुसरा अहवाल यायला वेळ आहे, आणि तेवढा वेळ तिच्यापाशी नाही. खाली औषधाच्या दुकानातून हे घेऊन या. पळा.’

आणि पलीकडच्या खोलीत डायलिसिसवरच्या कुणाला फीट आली म्हणून ते तिकडे धावले. दारातून सिस्टरला ओरडून विचारलं, ‘पोटॅशियम जातंय ना?’ सिस्टर म्हणाली, ‘हो सर, चालू आहे.’ ‘मग ताई आल्या की सोडा भरून ठेव. मी आलोच.’

मी पळाले. माझं वजन काही पळण्याजोगं नाही, पण त्या दिवशी मी जिने कशी उतरले आणि कशी चढले, मला आठवत नाही. काचेच्या कुप्यांचा खोका छातीशी धरून आत शिरले. सिस्टर पाठमोरी, दुसऱ्या रोग्याकडे. वैजूचे ओठ निळसर दिसत होते आणि गळ्यापाशी खळगा पडत होता. मी खाटेशी गेले आणि सहज वर बघितलं.

बाटली जवळजवळ भरलेली.

मी नळीकडे बघितलं. एक थेंब पडत नव्हता. नळीवरून नजर खाली आणली, तर ती जिजीच्या पदराखाली गेली होती. मी पदर उचलला. जिजीचा अंगठा त्या चाकावर होता, आणि चाक पार शेवटपर्यंत दाबलेलं.

‘जिजी, हे काय?’

‘हळू बोल.’

‘अगं, हे काय करून राह्यली तू?’

‘ती सिस्टर आली का मी सोडते,’ जिजी कुजबुजली. तिचे डोळे इतके शांत होते की मला भीती वाटली. ‘ती गेली का बंद करते. तू नको बोलू, रजने. पोरगी म्हणत होती हात जळतो. इख आहे ते. आबाले त्यानंच मारलं.’

आणि मग कोण जाणे कसं, मी विचारलं, ‘घरी काय देत होती तू तिला? खरं सांग. त्या बाटलीतून काय देत होती?’

तिनं मान खाली घातली.

‘जिजी!’

‘साखरपाणी,’ ती म्हणाली. ‘लिंबू पिळून. औषध पहिल्याच दिवशी मोरीत ओतलं मी. वरतं लिहेल होतं, शेजारच्या मास्तरकून वाचून घेतलं. पोटॅशच होतं. सोड्याच्या गोळ्या मी दिल्या, एकही चुकली नाही. भाजी उकळून पाणी फेकून दिलं. केळं तिच्या नजरेले पडू दिलं नाही. सगळं आबासारखं केलं, फक्त रस नाही दिला. मी एकदा चुकली, रजने. दुसऱ्यांदा कशी चुकू?’

दुधानं तोंड भाजलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आमच्या जिजीनं ताकच ओतून दिलं होतं! महिनाभर नुसता सोडा. पोटॅशच्या गावात, चहूकडे केळीचे घड लोंबत असताना, माझी बहीण पोटॅशियमवाचून वाळत चालली होती, आणि वरून रोज तीनदा तो सोडा होतं-नव्हतं तेही उपसून काढत होता.

तेवढ्यात सिस्टरनं हात पुढे केला. ‘आणलं का सोड्याचं? द्या इकडे.’

मी खोका पाठीमागे घेतला. ‘नाही देणार.’

‘अहो, काय करता? सरांनी सांगितलंय.’

‘सरांना बोलवा! आत्ता! पोटॅशियम एक थेंब गेलेलं नाही, सोडा द्याल तर मरेल ती!’

माझा आवाज साऱ्या मजल्यावर गेला असेल. तडवी डॉक्टर आले. मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी बाटलीकडे बघितलं, जिजीकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते राग होता की आणखी काही, मला सांगता येणार नाही. ते नुसते म्हणाले, ‘काकू, हात काढा.’

‘नाही.’

‘काकू, वेळ नाही आपल्याकडे.’

‘नाही काढणार!’ आता मात्र जिजी ओरडली. तिनं नळी मुठीत आवळली. ओढलं असतं तर वैजूच्या हातातली सुई निघाली असती, आणि दुसरी शीर सापडायला त्यांना आधीच जड गेलं होतं. ‘बापाले मी मारलं. माह्या हातानं वाढलं मी त्याले. लेकीले नाही मारू देणार. मले मारा आधी!’

‘आबांची किडनी बंद होती, काकू,’ डॉक्टर म्हणाले. ते खाली वाकले, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आले. ‘गटार तुंबलं होतं. आत आलेलं बाहेर जात नव्हतं, म्हणून साठलं आणि त्यांना लागलं. हिचं तसं नाही. हिचं भांडं फुटकं आहे. ओतावं तेवढं गळून जातं. आजार एकच नाही, उलटा आहे. पोटॅशियम असंच कमी राहिलं तर उरलेली किडनीपण जाईल, पण तिथवर ती पोचायची नाही. बघा तिच्याकडे. श्वास बघा.’

जिजीनं बघितलं. वैजूचे डोळे उघडे होते, ती आमचं सगळं ऐकत होती, पण तिच्या घशातून शब्द निघत नव्हता. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात जात होतं, ते पुसायला तिचा हात उठत नव्हता.

‘तुम्ही डाक्टर लोकांनी आबाच्या वेळीपण असंच सांगलं होतं,’ जिजी म्हणाली. ‘केळं देऊ नका, रस देऊ नका. आता म्हणता द्या. मी कोणाचं ऐकू?’

मी तिच्या पायाशी बसले आणि तिचे पाय धरले. ‘जिजी, मी तुझ्या पाया पडते. सोड व. माझी बहीण आहे ती.’

जिजीनं खोलीभर नजर फिरवली. सिस्टरच्या ट्रेवर पातळ औषधाची नवी बाटली होती, नाकातल्या नळीतून द्यायला मागवलेली. ‘तेच का ते?’ तिनं विचारलं.

‘तेच,’ डॉक्टर म्हणाले.

‘आण इकडे. मी पेते.’

‘अहो काकू...’

‘मी मेली तर तिले देऊ नका. नाही मेली तर सोडते.’

सिस्टर डॉक्टरांकडे बघायला लागली. त्यांनी तिच्या हातून बाटली घेतली, स्वतः झाकण उघडलं, एक मात्रा कपात ओतून पाण्यात मिसळली आणि जिजीपुढे धरली. ‘प्या. धडधाकट माणसाला एवढ्यानं काही होत नाही. पण लवकर प्या.’

जिजीनं एका हातानं नळी आवळलेलीच ठेवली आणि दुसऱ्या हातानं कप घेतला. डोळे मिटले. तिनं आबांचं नाव घेतलं की देवाचं, मला ऐकू आलं नाही. एका दमात घशाखाली घातलं. चेहरा असा वाकडा झाला की ती ओकणार असं वाटलं, पण तिनं तोंड गच्च मिटून घेतलं. मग ती बसून राहिली, मरणाची वाट बघत. खरंच सांगते, ती मरायच्या तयारीनं बसली होती. मोकळा हात छातीवर, डोळे वैजूवर. खाटेवर वैजूचा श्वास आणखी बारीक होत चाललेला. मला वाटलं, ही म्हातारी जगेल आणि ती पोरगी जाईल.

‘काकू,’ डॉक्टर हळूच म्हणाले.

जिजीनं आपल्या छातीवरचा हात काढला आणि वैजूच्या छातीवर ठेवला. मग पदराखालचा अंगठा हलला. तिनं स्वतः चाक मागे फिरवलं. वर बाटलीत बुडबुडा उठला आणि थेंब पडायला लागले.

त्यानंतरचं सगळं डॉक्टरांचं. त्यांनी मानेतून मोठी नळी घातली, कागदाची पट्टी बघत बघत पोटॅशियम सोडलं, श्वासाचं मशीन खाटेशी आणून उभं केलं, पण ते लावायची वेळ आली नाही. सोडा कितीतरी उशिरा दिला, आणि तोही अगदी सावकाश. मिलिंद पोचला तेव्हा वैजूनं पायाचा अंगठा हलवला. तो अंगठा बघून तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. 

वैजू उशीला टेकून बसायला लागली तेव्हाची गोष्ट. तिला अतिदक्षतेतून बाहेरच्या खोलीत आणलं होतं. जिजी न्हाणीघरात गेली होती आणि मिलिंद जेवण आणायला. मी संत्रं सोलत बसले होते. आतली वाफ अजून जिरली नव्हती.

‘घरी चल तू,’ मी म्हटलं, ‘मग बघते मी जिजीकडे. साखरपाणी! तीनदा! आपल्या हातानं! कपाळ माझं!’

‘तिले काही बोलू नको, ताई.’

‘का नको? तुझा जीव घेत होती ती.’

वैजू म्हणाली, ‘मले माहीत होतं.’

‘काय माहीत होतं?’

‘ते औषध नाही ते. पहिल्याच घोटाले समजलं. इथे पेली होती ना मी खरं. खारट, कडू, ओकारी यायची त्यानं. अन् घरी एकदम गोड. लिंबाची बी आली होती एकदा दातात.’

संत्र्याची फोड माझ्या हातातच राहिली. ‘अन् तू बोलली नाही?’

‘नाही.’

‘का गं भवाने? का?’

‘आबा गेले तेव्हापासून जिजीले झोप नव्हती,’ वैजू म्हणाली. ‘तू रात्री सासरी असते, तुले काय माहीत. मी माहेरी आली का पाहायची. सारखी उठायची, अंगणात फिरायची. मी आजारी पडली तर ती भिंतीले टेकून बसायची, माह्याकडे बघत. मग हे साखरपाणी सुरू केलं न्, ताई, तर ती झोपायला लागली. मले पाजलं का माह्या शेजारी आडवी व्हायची अन् गाढ झोपायची. घोरायची सुद्धा.’ वैजू हसली. ‘म्हटलं, झोपू दे. सांगू सावकाश. मले काय माहीत एवढं होईल?’

मला तिच्या थोबाडीत एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि तिला पोटाशी धरून हंबरडा फोडावासा वाटला. दोन्ही केलं नाही. ती संत्र्याची फोड मी तिच्या तोंडात कोंबली.

दारात जिजी उभी होती. तिनं किती ऐकलं, काही ऐकलं की नाही, ते मी कधी विचारलं नाही आणि तिनंही कधी सांगितलं नाही. ती आत आली, कपाटावरची बाटली घेतली, डोळ्यांजवळ नेऊन मात्रा ओतली, एक थेंब इकडेतिकडे नाही, आणि वैजूच्या ओठाला लावली. वैजूनं नाक दाबून ते खरं औषध पिऊन टाकलं. तोंड वाकडं केलं, पाणी प्यायली आणि दुपारच्या उन्हात पांघरूण डोक्यावर ओढून झोपी गेली.

मी जिजीला म्हटलं, ‘तूपण पड जरा. मी आहे ना.’

‘हो, पडते,’ ती म्हणाली.

पण ती पडली नाही. खाटेशी स्टूल ओढून तिनं वैजूच्या छातीवर हात ठेवला आणि छाती वर येते का, खाली जाते का, ते बघत बसली. वैजू घरी आली, चालायला लागली, सुरतेला गेली, दर आखाजीला माहेरी येत राहिली. औषध तिला जन्माचंच होतं, आणि माहेरी असली की ते जिजीच द्यायची. देऊन झालं की पोरगी शांत झोपायची, आणि जिजी शेवटपर्यंत तिच्या उशाशी जागी बसून राहायची.